छपऱ्याच्या लेकीचं सासर

फौंड्रीत मला माझ्या नावानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. मी शाहूवाडीकडच्या डोंगरातला, म्हणून पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'शाहूवाडी' पडलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच टिकलं. ज्या मिस्त्रीच्या हाताखाली मी लागलो तो 'गडहिंग्लज'. भट्टीवरचा 'राधानगरी'. वाळू कालवणारा 'पन्हाळा'. कुणी दांडी मारली की मालक शेडमध्ये येऊन विचारायचा, "आज गडहिंग्लज कुठं गेलं?" नवख्या माणसाला वाटायचं, अख्खा तालुकाच उठून गेला की काय.

हसण्यावारी न्यायची गोष्ट, पण कोल्हापूरच्या लोखंडाची निम्मी हकिकत तिच्यात आहे. शहरातली पोरं तेव्हाही भट्टीजवळ फारशी यायची नाहीत. ती लेथवर उभी राहायची, दुकान टाकायची, म्हशी पाळायची. वाळूचा साचा बांधून त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, दिवसभर धूर गिळायचा आणि घरी गेल्यावर नाकातून काळं काढत बसायचं, या कामाला माणूस यायचा तो बाहेरून. कुणी भाताच्या खाचरातून, कुणी सीमेवरच्या कानडी बोलणाऱ्या गावातून. जिल्हा एकच, त्यामुळं आम्ही स्वतःला कोल्हापूरचेच समजायचो. पण मी सुट्टीला एस.टी.नं गावी गेलो की आई शेजारणीला सांगायची, "लेक परमुलखातनं आलाय."

पुढं आमची पोरं शिकली. गडहिंग्लजचा थोरला बँकेत लागला. माझा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरवर बसतो, आणि त्याला फौंड्रीचं गेट दाखवावं असं मला एकदाही वाटलं नाही. आमची पिढी वाकायला लागली, शेड मात्र वाढतच गेल्या. शिरोलीच्या बाजूला जिथं ऊस होता तिथं पत्रे उभे राहिले, मग गोकुळ शिरगाव, मग कागल. भट्ट्या दुप्पट झाल्या आणि त्यांच्यापुढं उभं राहायला माणूस मिळेना. अशात एका सकाळी आमचा ठेकेदार बिहारकडची माणसं घेऊन आला.

त्यात एक उंच, काटकुळा जवान होता. गळ्यात गमछा, पायात रबरी चप्पल. मी विचारलं, "कहाँ से?"

"छपरा."

झालं, तो छपरा झाला. गडहिंग्लज मिस्त्रीची तेव्हा नोकरीतली अखेरची वर्षं होती. त्यानं त्या पोराला वरून खाली न्याहाळलं आणि मला म्हणाला, "ह्यो हितं दिवाळी बघत न्हाय बघ."

छपऱ्यानं ती दिवाळी पाहिली, आणि पुढच्याही सगळ्या पाहिल्या. त्याच्यामागून सिवान आला, गोरखपूर आला, ओडिशाचा बालासोर आला. वर्षा-दोन वर्षांत हजेरीच्या वेळी उभं राहिलं की देशाचा नकाशा वाचल्यासारखं वाटायचं. गावात लोक कुरकुरायचे, बाहेरची माणसं भरली म्हणून. मलाही तसं कुणी बोललं की मी एवढंच म्हणायचो, "मग तुमचं पोरगं लावा की भट्टीवर."

शेडमध्ये भट्टी, क्रेन आणि पंख्यांच्या आवाजात लांबलचक बोलता येत नाही. एका शब्दात काम व्हावं लागतं. त्यामुळं आमच्याकडं आपोआप एक वेगळीच बोली तयार झाली. 'थांब'ला सगळे 'रुक' म्हणायचे, 'उचल'ला 'उठाव', आणि 'हळू'ला मात्र आमचा 'दमानं' हाच शब्द जिंकला. बालासोर मराठी म्हणून तेवढंच शिकला होता. क्रेननं लोखंडाची लाडल उचलली की तो खालून ओरडायचा, "दमानं! ए, दमानं!" आणि वरच्या केबिनमधला निपाणीकडचा कानडी ड्रायव्हर ओरडून उत्तर द्यायचा, "व्हय रे बाबा, दमानं!" दोघांपैकी एकाचीही ती आईची भाषा नव्हती.

मग तो मोठा पाया आला.

आमच्याकडं तोवर गाड्यांचे सुटे भाग व्हायचे, फार तर दोघांनी उचलावेत असे. हा होता पत्रा दाबायच्या एका अजस्र प्रेसचा पाया, बैलगाडीपेक्षा लांब. जमिनीत खड्डा काढून त्यातच साचा बांधावा लागला. बांधायला आम्हाला किती तरी दिवस गेले. अडचण ओतण्याची होती. एका टोकानं लोखंड सोडलं तर दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत ते निवणार आणि मधे कच्चा सांधा राहणार. म्हणून दोन्ही टोकांवर दोन क्रेननी दोन लाडल टांगायच्या असं ठरलं. लाडल म्हणजे लोखंड धरणारी बादलीच, पण ही बादली माणूस उभा मावेल एवढी. तिला बाजूला एक चाक असतं, ते फिरवलं की ती कलते. दोन्हीकडची चाकं एकाच वेळी, एकाच गतीनं फिरायला हवी होती, म्हणजे दोन्ही धारा साच्याच्या पोटात, जिथं कुणाला काही दिसत नाही तिथं, गरम असतानाच एकमेकींना भेटतील.

एका चाकावर छपरा उभा राहिला, दुसऱ्यावर बालासोर. गडहिंग्लजच्या जागी आता मिस्त्री झालेला मी मधोमध. मालक गेटजवळच्या गणपतीला नारळ फोडून आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. मी हात वर केला आणि खाली आणला.

दोन्ही धारा सुटल्या. त्या उजेडात शेडमधले सगळे चेहरे एका रंगाचे झाले. मी उभं आयुष्य लोखंड ओतताना पाहत आलो, पण त्या दिवशी माझी नजर चाकांवरच्या त्या दोघांवरच होती. छपरा आणि बालासोर एकमेकांकडं पाहत होते. धारेकडं नाही, साच्याकडं नाही, एकमेकांच्या हातांकडं. एकाचं चाक बोटभर फिरलं की दुसऱ्याचं बोटभर फिरायचं.

साचा अर्ध्याच्या वर भरला असेल, आणि छपऱ्याच्या बाजूला, साच्यावर झाकलेल्या लोखंडी पेटीच्या जोडावर एक लाल रेघ उमटली. रेघेतून थेंब आला, थेंबामागून धार. साचा फुटला होता. वितळलेलं लोखंड जमिनीवरून सरकत छपऱ्याच्या पायाकडं निघालं.

"छपरा, सोड! हट जा!" मी ओरडलो.

त्यानं ऐकलं की नाही, देव जाणे. त्यानं मान वळवली नाही. सिवान आणि आजऱ्याचे दोघं फावडी घेऊन धावले, वाळू खेचून त्या फटीवर दाबायला लागले. त्यांच्यामागं आणखी दोघं-तिघं. कुणी कुणाला हुकूम दिला नव्हता. एकजण दाबत होता, दुसरा त्याच्या दोन पायांमधून वाळू पुढं ढकलत होता, तिसरा त्याला कंबरेला धरून मागं ओढायच्या तयारीत होता. लोखंड तोवर छपऱ्याच्या बुटाला लागलं. बुटाचा धूर निघाला. त्यानं तो पाय उचलून शेजारच्या पेटीवर ठेवला, आणि एका पायावर उभं राहून, बगळ्यासारखा, तो चाक फिरवत राहिला. नजर बालासोरवर.

मला आजही ते चित्र दिसतं. त्या क्षणी मी मिस्त्री राहिलो नव्हतो. गर्दीत उभा राहून काही तरी अचाट पाहणारा एक माणूस उरलो होतो.

फट बुजली. थोड्याच वेळात साच्याच्या दोन्ही टोकांच्या तोंडांशी लोखंड एकदमच वर आलं, काठोकाठ. साचा भरला होता. लाडल सरळ झाल्या, क्रेन मागं सरल्या, आणि छपरा होता तिथंच जमिनीवर बसला. त्याला बुटाचा बंद सोडवेना. पलीकडून बालासोर चालत आला, त्याच्यापुढं उकिडवा बसला, बंद सोडला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला येणारा एकुलता एक मराठी शब्द म्हणाला, "दमानं रे. दमानं."

आठवड्यानं साचा फोडला तेव्हा पाया कुठंही भंगलेला नव्हता. मी मधल्या भागावर हातोडी मारून पाहिली. आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ गेला. दोन वर्षांपूर्वी ज्यांना एकमेकांकडं पाणी मागता येत नव्हतं, त्यांनी अंधारात दोन धारांचं एक लोखंड केलं होतं.

छपऱ्याचं पाऊल भाजलं होतं. दवाखान्यातून आल्यावर मी त्याला माझ्याच घरी आणला. शिरोलीजवळच्या गावात घरामागं मी दोन खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक रिकामी होती. त्यानं गावी काही कळवलं नव्हतं, पण अशा बातम्यांना पाय असतात. काही दिवसांनी एका दुपारी दारात रिक्षा थांबली. तिच्यातून डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उतरली, कडेवर तान्ही मुलगी, सोबत भाऊ. छपऱ्याची बायको होती. नवऱ्याचा पाय नुसता भाजलाय की तुटलाय, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला ती तीन गाड्या बदलून आली होती. तिनं आधी ते पाऊल पाहिलं, मग त्याला भोजपुरीत बराच वेळ बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण रोख कळला. ती परत गेली नाही.

माझी बायको शाहूवाडीचीच, तिला हिंदी येत नव्हतं. तिनं त्या बाईला पहिल्या दिवशी "ये बाय, बस" म्हणून पाटावर बसवलं आणि पुढं सगळा व्यवहार मराठीतच केला. वर्षभरात ती बाई भाकरी थापायला लागली. पोरगी आमच्या अंगणात पहिलं पाऊल टाकायला शिकली, गावच्याच शाळेत गेली. आईशी भोजपुरी बोलायची आणि आमच्या दारात येऊन खणखणीत आवाजात ओरडायची, "काकी, ताक हाय का? आय इचारती!" कुणी तिला 'बिहारी' म्हटलं की कंबरेवर हात ठेवून विचारायची, "मग? तुला काय करायचंय?" तिचं ते बोलणं ऐकून कुणाला खरंही वाटलं नसतं की हिचं गाव गंगेच्या पलीकडं आहे.

ती शिकली, डिप्लोमा केला आणि गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामाला लागली. तिथून वर्षभरात लग्नाचं निघालं. मुलगा कागलच्या फौंड्रीत भट्टीवर होता. त्याचं मूळ गाव छपऱ्याच्या गावाशेजारचंच, पण दोन्ही घरांची ओळख झाली ती छठच्या पूजेला, पंचगंगेच्या घाटावर. पोरगं कोल्हापुरात, पोरगी कोल्हापुरात, तेव्हा मी धरूनच चाललो होतो की लग्न इथंच एखाद्या हॉलमध्ये होईल. छपऱ्यानं मान हलवली.

"न्हाय मिस्त्री. बाबूजी गावात बसलेत. शादी तिकडंच. तुमी आन वहिनी यायचंच. तुमी न्हाय आलासा तर तिला आशीर्वाद देणार कोण?"

माझी बायको पुण्याच्या पुढं कधी गेली नव्हती. तिनं एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या मोठ्या पिशवीत चटणी, चिवडा, लाडू भरले. "तिकडं लग्नघरात तिखट कुठलं मिळतंय?" म्हणून कांदा-लसणाच्या चटणीचा भला मोठा डबा. पुण्याहून पाटण्याच्या गाडीत बसलो. डब्यात इचलकरंजीच्या मागावर काम करणारे होते, चाकणचे होते, कुणी हॉटेलात, कुणी बांधकामावर. सगळे घरी निघालेले. मला आजवर वाटायचं की ही माणसं एकेकटी, जमेल तशी आमच्याकडं आली. त्या गाडीत बसल्यावर कळलं की हा नदीसारखा वाहता प्रवाह आहे, आणि मी उभं आयुष्य त्याच्या मुखाशी बसून होतो, उगम कधी पाहिला नव्हता.

पाटण्याला छपऱ्याचा मेव्हणा जीप घेऊन आला होता. गंगेवरचा पूल संपता संपेना. माझी बायको खिडकीतून बघत राहिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "आवो, ही नदी हाय का समिंदर?"

गाव आलं. वैशाख होता, गव्हाची कापणी होऊन गेली होती, आंब्यांना कैऱ्या लगडल्या होत्या. जीप थांबली तिथं पारावर एक म्हातारा धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन बसला होता. आम्ही उतरलो तसा तो उठला, डोळ्यांवर आडवा हात धरून आमच्याकडं पाहिलं आणि खडखडीत आवाजात म्हणाला, "राम राम पावणं! कवा आलासा?"

मला वाटलं, प्रवासानं माझे कान वाजतायत. बायकोनं माझा दंड धरला.

"आत्ताच आलो की," मी म्हटलं. "तुमी हिकडं कसं?"

"आरं, हिकडचाच हाय मी! शिरोलीत होतो की भट्टीवर. गुडघं गेलं, मग आलो माघारी." तो हसला, आणि आतल्या बाजूला तोंड करून त्यानं हाक दिली. बघता बघता पारावर माणसं जमली. तरणी होती, पिकलेली होती. कुणी म्हणालं, "मी कागलला." कुणी, "मी गोकुळ शिरगाव." "मी हातकणंगले." एकानं सदऱ्याची बाही वर करून दाखवली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरट ठिपके होते, लोखंडाचे शिंतोडे उडाल्याचे. माझ्याही हातावर तसेच आहेत. मी माझी बाही वर केली आणि त्याच्या हाताशेजारी हात धरला. तो म्हातारा म्हणाला, "भट्टीचा शिक्का!" आणि सगळे हसले.

दोन दिवस मी त्या गावात नुसता फिरत होतो. एका घराच्या उंबऱ्याशी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लोखंडी चाकाचा एक तुंबा, म्हणजे आस बसतो तो मधला गोळा, ठेवला होता, कारखान्यानं नापास केलेला. एवढं वजन कुणी तरी गाड्या बदलत तिथपर्यंत आणलं होतं. दारांसमोर कोल्हापुरी चपला होत्या. माझ्या बायकोनं मोठ्या दिमाखानं चटणीचा डबा उघडला, तर लग्नघरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकीनं तिला आत नेऊन फळी दाखवली. तिथं आमच्याच चटणीची बरणी होती. शेजारच्या घरातही होती. दर होळीला परतणारा माणूस घेऊन येतो म्हणे. त्याच्याशिवाय इथल्या पोरांना आता भाजी गोड लागत नाही.

आमच्याकडं लोक म्हणतात, बाहेरच्यांनी कोल्हापूर बदललं. ते खरंच आहे, भट्टीपुढं त्यांनी उभं राहिल्याशिवाय आमची एक शेड चालली नसती. पण कोल्हापूरनं इतक्या लांबचं एक गाव आतून, अगदी चुलीपासून बदललंय, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी ते खरं मानलं नसतं.

छपऱ्याचे वडील नव्वदीला टेकले होते. कानानं कमी, पण नजर तीक्ष्ण. लग्नाच्या दिवशी सकाळी ते मला आंब्याखाली खाटेवर घेऊन बसले. हळूहळू, शब्द सुटे करून हिंदीत बोलायचे, मला समजावं म्हणून. ते स्वतः तरुणपणी कलकत्त्याच्या तागाच्या गिरणीत होते. त्यांचे वडील आसामात चहाच्या मळ्यात. "हमारे घर में मर्द या तो बच्चा रहता है या बूढ़ा," ते म्हणाले. "बीच का सब बाहर." मग त्यांनी विचारलं, "और आप? कोल्हापुर ही घर है?"

मी म्हटलं, "नहीं बाबूजी. मैं भी पहाड़ से आया. हमारा चावल का गाँव है."

त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "तो आप भी हमारे ही हुए," म्हणाले. माझ्या आईनं शेजारणीला सांगितलेला तो 'परमुलूख' किती लांबरुंद आहे, आणि त्यात किती बापांची लेकरं राबत आलीयत, हे त्या खाटेवर बसून पहिल्यांदा माझ्या अंगावर आलं.

वरात आली, लग्न लागलं. वरातीत निम्मे कागलच्या फौंड्रीतले होते, रजा टाकून आलेले; नवरदेवापुढं नाचताना ओरडत होते ते मराठीत. सकाळी पाठवणीची वेळ झाली. आणि मग गावातल्या बायकांनी जो आकांत मांडला तो ऐकून झाडावरची पाखरं उठली. लेक परदेसात चालली, आता तोंड कधी दिसायचं, असं प्रत्येक बाई गळ्यात पडून म्हणत होती. आजी रडली, चुलत्या रडल्या, नवरी रडली. नवरीची आई तर खांब धरून बसली.

माझी बायको हे सगळं टक लावून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आवो, पोरगी तर आपल्याकडंच चाललीया. आईपण आपल्याच मागच्या खोलीत यायची हाय. मग ह्या एवढ्या रडत्यात कशाला?"

"मला काय म्हाईत," मी म्हटलं.

मग आजी थरथरत आली आणि नातीच्या ओटीत तांदूळ घालून तिनं माझ्या बायकोचा हात धरला, नातीचा हात त्या हातात ठेवला आणि भोजपुरीत काही तरी म्हणाली. भाषांतर कुणी केलं नाही. माझी बायको मोठ्यानं रडायला लागली.

परतीच्या गाडीत आम्ही सगळे एकाच डब्यात होतो: नवरानवरी, दोन्हीकडची माणसं, रजा संपलेले वऱ्हाडी, आणि आम्ही दोघं. पहिला दिवसभर नवरी खिडकीशी गप्प होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पदर खोचला, चिवड्याची पिशवी उघडली आणि सगळ्यांना कागदावर वाढायला लागली. दौंडच्या पुढं कुणी तरी चहावाल्याशी घासाघीस करत होतं, तर ही मधेच म्हणाली, "आवो, सरळ सांगा की काय ते, गाडी सुटंल!" तिचा नवरा आमच्याकडं बघून हसला.

पुण्याहून आम्ही सगळे कोल्हापूरला आलो आणि तसेच सामानासकट कागलला गेलो, तिला सासरी सोडायला. सासर म्हणजे फौंड्रीच्या मागच्या रस्त्याला खोल्यांची एक रांग. नवऱ्याची आई गावीच राहिली होती, म्हणून दारात माझी बायको उभी राहिली, ओवाळायला. शेजारच्या खोलीतली ओडिशाची बाई आली आणि तिनं तोंडानं त्यांच्याकडचा तो मंगल आवाज काढला, हुलुहुलु करून. पलीकडची संकेश्वरकडची म्हातारी हळदीकुंकू घेऊन आली, "बा, मगळे", ये पोरी, म्हणत. मापं, आरती, कुंकू, ज्याचं जे असेल ते झालं. नवरी आत गेली. आत स्टोव्हचा आवाज आला. मग ती पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली आणि एकेकाला द्यायला लागली.

छपरा रस्त्याच्या पलीकडं, लिंबाखाली, बॅगेवर बसून होता. दुपार नुसती भाजत होती. ओठ सुकले होते त्याचे. मी म्हटलं, "आरं, ये की आत."

"न्हाय मिस्त्री," तो म्हणाला. "आमच्यात बाप लेकीच्या सासरचं पाणी पीत न्हाय. तिच्या घरचं काही घेत न्हाय. बाबूजींनी त्यांच्या भनीकडं, आमच्या फुआकडंबी कधी घेतलं न्हाय. मी इथंच बरा."

एका पायावर उभं राहून ज्यानं लोखंड ओतलं, त्या माणसाला मी ओढून आत नेणार नव्हतो. नवरीनं मात्र ते ऐकलं होतं. ती तांब्या घेऊन रस्ता ओलांडून आली. पायात नव्या जोडव्यांचा आवाज, भांगात भरलेला शेंदूर. बापापुढं उभी राहिली आणि तांब्या पुढं केला.

"पप्पा, हे कोल्हापूर हाय. गप पाणी प्या."

छपऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मग लेकीकडं. मग त्यानं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला.